ऑलिम्पिक द्वीपकल्पातील वसंत भ्रमंती : गारठा आणि भरती यांचे भान

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला असलेल्या ऑलिम्पिक द्वीपकल्पावर हिमाच्छादित पर्वत, घनदाट वर्षावने आणि बहुतांशी वस्तीविरहित सागरकिनारा अशी तीन वेगवेगळी भूरूपे एकाच राष्ट्रीय उद्यानात सामावलेली आहेत. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या या ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानाला किनाऱ्याची पट्टी १९५३ मध्ये जोडण्यात आली, तर १९८१ मध्ये युनेस्कोने उद्यानाचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. सिएटल आणि बेलव्ह्यू परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा प्रदेश मोटारीने चार-पाच तासांवर असल्याने, सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलेले अनेक जण वसंतातील सुटीत तिकडे वळतात. सह्याद्रीतला अनुभव तेथे पुष्कळ उपयोगी पडतो. मात्र त्या अनुभवातून अंगवळणी पडलेली एक समजूत, म्हणजे पावसात भिजणे हा भटकंतीचा आनंदच आहे ही समजूत, तेथे धोक्याची ठरते. त्या किनाऱ्यावरील भ्रमंती सुखरूप होणे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : शरीराची ऊब टिकवणे आणि समुद्राच्या भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाळणे. बाकीची सारी तयारी या दोन गोष्टींच्या अनुषंगाने करावी लागते.

पावसाचा भूगोल आणि योग्य काळ

पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे ऑलिम्पिक पर्वताला धडकून वर चढतात, थंड होतात आणि पश्चिम उतारावर भरपूर पाऊस टाकतात. पर्वताने अडवलेल्या वाऱ्यांमुळे पडणाऱ्या अशा पावसाला प्रतिरोध पर्जन्य म्हणतात आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील पाऊसही त्याच प्रकारचा असतो. पश्चिमेकडील हो नदीच्या खोऱ्यात वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पर्वताच्या ईशान्येला पर्जन्यछायेत असलेल्या सेक्विम गावात तो जेमतेम चारशे मिलिमीटर असतो. महाबळेश्वर आणि माणदेश यांच्यातील तफावत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र सहज उमगेल. हो खोऱ्यातील आकडा महाबळेश्वर किंवा आंबोलीपेक्षा कमीच आहे, परंतु दोन्हीकडच्या पावसाचा काळ आणि स्वभाव अगदी निराळा आहे. सह्याद्रीत तो उबदार हवेत, जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो. ऑलिम्पिकच्या पश्चिम उतारावर मात्र त्याचा बहुतेक वाटा ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांत, दिवसच्या दिवस चालणाऱ्या संततधारेच्या रूपाने येतो आणि उन्हाळा तुलनेने कोरडा जातो.

म्हणूनच वसंत ऋतू हा तेथील पावसाचा उतरता काळ समजावा. मार्चमध्ये वादळी वारे आणि सलग पाऊस गृहीत धरावा, एप्रिलमध्ये पावसाच्या सरींमध्ये उघडीप मिळू लागते आणि मेच्या मध्यानंतर कोरडे दिवस वाढतात. या काळात दिवसाचे तापमान साधारणपणे दहा ते पंधरा अंश सेल्सियस असते, रात्री ते पाच अंशांच्याही खाली जाऊ शकते आणि पर्वताच्या वरच्या टप्प्यांवर बर्फ टिकून राहतो. तरीही वसंत निवडण्याला सबळ कारणे आहेत : उन्हाळ्यातील गर्दी नसते, ओढे आणि शेवाळी भरात असतात, करडे देवमासे मेक्सिकोच्या किनाऱ्याकडून अलास्काकडे जाताना किनाऱ्यावरून दिसू शकतात आणि जंगलाच्या तळाशी फुलोरा सुरू झालेला असतो. दलदलीच्या जागी दिसणारे, मोठ्या पिवळ्या आवरणाचे स्कंक कॅबेज हे अळू आणि सुरण यांच्याच कुळातले असल्याने कोकणातल्या वाचकाला त्याची ठेवण ओळखीची वाटेल. तीन पांढऱ्या पाकळ्यांचे ट्रिलियम आणि गुलाबी फुलांची सॅमनबेरीची झुडपे हीसुद्धा याच दिवसांत पाहावीत.

वर्षावनात काय पाहावे

विषुववृत्ताजवळील उष्ण वर्षावनांहून वेगळे, थंड पण अतिवृष्टीच्या आणि धुक्याच्या प्रदेशात वाढणारे जंगल म्हणजे समशीतोष्ण वर्षावन. हो खोऱ्यातील या जंगलात सिटका स्प्रूस आणि वेस्टर्न हेमलॉक हे सूचिपर्णी वृक्ष प्रमुख असून त्यांपैकी स्प्रूस साठ मीटरांहूनही उंच वाढतो. या जंगलाची रचना समजून घेतली की चालण्याला अर्थ येतो. तळाशी शेवाळी आणि नेचे यांचा थर इतका दाट असतो की वृक्षांच्या बियांना जमिनीवर रुजायला जागा आणि उजेड मिळत नाही. त्यामुळे अनेक रोपे पडलेल्या, कुजणाऱ्या ओंडक्यावर रुजतात. अशा ओंडक्याला दाई-ओंडका म्हणता येईल. रोपांची मुळे ओंडक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरून जमीन गाठतात आणि काही शतकांनी ओंडका पूर्णपणे कुजून गेला, तरी त्यावर वाढलेले वृक्ष एका सरळ रांगेत, मुळांच्या कमानींवर उभे राहिलेले दिसतात. सरळ रांगेतील जुने वृक्ष दिसले की त्यांच्या मुळांखालची पोकळी मुद्दाम पाहावी.

रुंद पानांच्या मेपल वृक्षांच्या फांद्यांवरून लोंबणारी शेवाळी हे या जंगलाचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य आहे. दुसऱ्या वनस्पतीवर राहणाऱ्या, परंतु तिच्यातून अन्न न शोषणाऱ्या अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. वडील भारतातून अमेरिकेत गेलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दाखवून दिले की, शेवाळींच्या थरांखाली फांद्यांवर साचणाऱ्या मातीत मेपल वृक्ष स्वतःच मुळे सोडतात आणि त्या हवेतल्या मातीतून पोषणद्रव्ये घेतात. म्हणजे शेवाळींचा हा भार वृक्षालाही उपकारक ठरतो. एकदा ओरबाडलेला थर पुन्हा साचायला फार काळ लागतो, हे लक्षात घेऊन छायाचित्रांसाठी शेवाळींवर चढणे, बसणे किंवा त्या तोडणे कटाक्षाने टाळावे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हो खोऱ्यातील अभ्यागत केंद्रापासून सुरू होणाऱ्या, प्रत्येकी दोन किलोमीटरांहून कमी लांबीच्या दोन वर्तुळाकार वाटांपासून आरंभ करावा आणि नंतर हो नदीच्या काठाने जाणारी मुख्य वाट धरावी. ही वाट सुमारे २८ किलोमीटर चालून ग्लेशियर मेडोजपर्यंत पोचते, मात्र वसंतात वरच्या टप्प्यावर बर्फ आणि हिमस्खलनाचा धोका असतो. पहिले आठ किलोमीटर बहुतांशी सपाट असल्याने एका दिवसात जाऊन परतण्यासाठी तेवढेच अंतर योग्य आहे. रूझवेल्ट एल्क नावाची मोठी हरणे या खोऱ्यात कळपाने चरतात आणि त्यांचे रक्षण हा उद्यानाच्या स्थापनेमागील एक मुख्य हेतू होता. वसंताच्या अखेरीस माद्यांजवळ पाडसे असल्याने त्या आक्रमक होऊ शकतात, म्हणून किमान ४५ मीटर अंतर राखणे नियमानेही बंधनकारक आहे. जोराचा वारा सुटला असेल, तर जंगलातील चाल पुढे ढकलावी, कारण ओल्या जमिनीत उथळ मुळांवर उभे असलेले प्रचंड वृक्ष आणि सुकलेल्या फांद्या अशा वेळी कोसळतात. रस्त्यांचीही पूर्वचौकशी आवश्यक आहे. डिसेंबर २०२४ मधील वादळात हो खोऱ्याकडे जाणारा एकमेव रस्ता खचला आणि तो मे २०२५ मध्येच पुन्हा खुला होऊ शकला.

भिजणे आणि गारठणे

शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली उतरण्याच्या अवस्थेला अल्पोष्णता म्हणतात. ती येण्यासाठी हवा गोठणबिंदूपर्यंत थंड असण्याची गरज नसते. दहा अंश तापमान, ओले कपडे, वारा आणि थकवा हे चारही घटक एकत्र आले की तेवढे पुरेसे होते, कारण ओल्या कपड्यातून शरीराची उष्णता कोरड्या कपड्याच्या तुलनेत कितीतरी झपाट्याने निघून जाते. सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि ओला झाल्यावर ऊब देत नाही, म्हणून सुती बनियन, जीन्स आणि सुती मोजे घरीच ठेवावेत. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा, त्यावर फ्लीसचा उबदार थर आणि सर्वांत वर शिवणीला टेप लावलेले जलरोधक जाकीट व पँट अशी तीन थरांची रचना करावी. चढावर घाम येण्याआधीच मधला थर उतरवावा आणि थांबताक्षणी पुन्हा चढवावा. आतून घामाने भिजणे हे बाहेरून पावसाने भिजण्याइतकेच बाधते.

पाठपिशवीवरचे पावसाळी आवरण संततधारेत पुरे पडत नाही, त्यामुळे पिशवीच्या आत जाड प्लास्टिकची मोठी थैली उघडून त्यातच सामान भरावे. झोपण्याचे कपडे, मोजे आणि शयनपिशवी यांचा एक संच कायम कोरडा ठेवावा. सकाळी कितीही नकोसे वाटले, तरी ओलेच कपडे घालून चालायला लागावे, परंतु रात्रीचा कोरडा संच चालताना वापरू नये. पिसांची शयनपिशवी ओली झाली की तिची ऊब जवळजवळ नाहीशी होते, म्हणून या ऋतूत कृत्रिम तंतूंची पिशवी अधिक भरवशाची ठरते.

अल्पोष्णतेची सुरुवात न थांबणारी थरथर, बोटांनी चेन किंवा बंद न लावता येणे, शब्द अडखळणे, पाय लटपटणे आणि विनाकारण चिडचिड किंवा उदासीनता या लक्षणांनी होते. बाधित व्यक्तीला स्वतःला हा बदल सहसा जाणवत नाही, म्हणून सहकाऱ्यांनीच एकमेकांवर लक्ष ठेवावे. लक्षणे दिसताच आडोसा करून ओले कपडे उतरवावेत, कोरडे कपडे घालून व्यक्तीला शयनपिशवीत ठेवावे, खाली चटई पसरून जमिनीचा गारवा तोडावा आणि शुद्ध असेल, तर गरम गोड पेय द्यावे. मद्य देऊ नये आणि हातपाय जोराने चोळू नयेत. थरथर थांबली आणि तरीही व्यक्ती गुंगीत जात असेल, तर स्थिती गंभीर झालेली असते. अशा वेळी तिला अलगद हाताळून तातडीची मदत मागवावी. किनाऱ्यावर आणि खोऱ्यात मोबाईलचे जाळे बहुतेक ठिकाणी पोचत नसल्याने उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण जवळ असणे हितावह आहे.

भरती-ओहोटीचे गणित

या किनाऱ्यावर समुद्रात घुसलेली खडकाळ भूशिरे एका पुळणीला दुसरीपासून तोडतात. त्यांपैकी काही भूशिरांना फक्त ओहोटीच्या वेळी पायथ्याने वळसा घालता येतो, काही ठिकाणी वरून जंगलातून काढलेली वाट असते आणि काही भूशिरे कोणत्याही वेळी पायथ्याने ओलांडता येत नाहीत. चुकीच्या वेळी निघालेला माणूस पुढे भूशिर, मागे भूशिर, पाठीशी कडा आणि समोरून चढते पाणी अशा कोंडीत सापडतो. वसंतात तेथील समुद्राचे पाणी दहा अंशांच्या आसपास असल्याने पोहून सुटण्याचा पर्याय उरत नाही.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. परंतु ती त्या किनाऱ्याच्या अनुभवावर बसलेली असल्याने पॅसिफिक किनाऱ्यावर चालत नाही. तेथे ला पुश या ठिकाणासाठीचे अधिकृत भरती-ओहोटीचे कोष्टकच वापरावे. दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, पण दोन्ही ओहोट्या सारख्या खोल नसतात : एकीत पाणी खूप उतरते, दुसरीत ते बरेच वर थांबते. कोष्टकातील शून्य म्हणजे रोजच्या दोन ओहोट्यांपैकी अधिक खोल ओहोटीची दीर्घकालीन सरासरी पातळी होय. ऋण आकडा असेल, तर पाणी त्याहूनही खाली जाणार असे समजावे. उंची फुटांत दिलेली असते आणि नकाशावर प्रत्येक भूशिराशेजारी ते किती फुटांच्या पातळीखाली ओलांडता येते, हे छापलेले असते. हे दोन आकडे ताडून पाहणे हीच नियोजनाची खरी सुरुवात आहे. कोष्टकातील वेळा उन्हाळी प्रमाणवेळेनुसार, म्हणजे मार्चमध्ये घड्याळे एक तास पुढे केल्यानंतरच्या वेळेनुसार आहेत की नाहीत, हेही तपासावे. एका तासाची चूक येथे महागात पडते.

वसंत ऋतूची एक अनुकूल बाब अशी की, या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री येणाऱ्या सर्वांत खोल ओहोट्या वसंत आणि उन्हाळ्यात दिवसाउजेडी येऊ लागतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणामुळे ओहोटी अधिक खोल जाते, तशी भरतीही अधिक चढते, तर अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, दोन्हींमधील अंतर कमी असते. त्यामुळे कठीण भूशिरांसाठी कोणते दिवस सोयीचे, हे चंद्राच्या कलांवरूनही अंदाजता येते. अवघड टप्पा पाणी उतरत असतानाच सुरू करावा आणि ओहोटीच्या तळाआधी पार करावा, म्हणजे वाटेत विलंब झाला तरी हाताशी वेळ राहतो. हवेचा कमी दाब आणि समुद्रावरून येणारे वादळी वारे पाण्याची पातळी कोष्टकापेक्षा वर उचलतात, म्हणून वादळाच्या दिवशी कोष्टकावर पूर्ण विसंबू नये.

किनाऱ्यावरील वाट

जंगलातून भूशिर ओलांडण्याच्या जागा झाडांवर लावलेल्या लाल-काळ्या गोल चकत्यांनी दाखवलेल्या असतात. चढ निसरडे आणि उभे असल्याने अनेक ठिकाणी दोर आणि शिड्या बसवलेल्या असतात. दोरावर एका वेळी एकानेच चढावे, पूर्ण भार दोरावर न टाकता पायांना आधार शोधावा आणि वरचा माणूस बाजूला झाल्याखेरीज खालच्याने सुरुवात करू नये. शैवलाने माखलेले गोटे आणि ओल्या लाकडी फळ्यांच्या वाटा यांवर चांगल्या पकडीचे तळवे आणि दोन काठ्या यांचा मोठा आधार होतो.

नद्यांनी वाहून आणलेले प्रचंड ओंडके पुळणीवर पसरलेले असतात. भरतीच्या पाण्यात ते तरंगू लागतात आणि एका लाटेसरशी माणसाला चिरडू शकतात, म्हणून लाटा ओंडक्यांपर्यंत पोचत असताना त्यांच्यावर किंवा त्यांच्या मधून चालू नये आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. ओढे ओलांडताना ओहोटीची वेळ साधावी, पाठपिशवीचा कंबरपट्टा सोडावा आणि पाणी गुडघ्याच्या वर असून जोरात असेल, तर थांबावे. हो आणि क्विलायूट या मोठ्या नद्या मुखाशी पायी ओलांडता येत नाहीत. ओढ्यांचे पाणी पानांतील टॅनिनमुळे चहासारखे तपकिरी दिसते, त्याने अपाय होत नाही, परंतु रोगजंतूंसाठी ते गाळून किंवा उकळूनच प्यावे.

रात्रीच्या मुक्कामासाठी आगाऊ परवाना लागतो आणि किनाऱ्यावर सर्व अन्न, टूथपेस्टसह सुगंधी वस्तू प्राण्यांना न उघडता येणाऱ्या कडक डब्यात ठेवणे बंधनकारक असते. हा नियम अस्वलांइतकाच रकून या चपळ प्राण्यांमुळेही आहे. तंबू उच्चतम भरतीच्या रेषेच्या बराच वर लावावा.

भूमी आणि तिचे यजमान

या किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळाशी कॅस्केडिया हे विभंगक्षेत्र आहे, जेथे भूकवचाचा एक पट्टा दुसऱ्याखाली सरकतो. २६ जानेवारी १७०० रोजी येथे झालेल्या महाभूकंपाने उसळलेली सुनामी जपानपर्यंत पोचल्याची नोंद तेथील जुन्या दफ्तरांत आढळते. त्यामुळे किनाऱ्यावर जोराचा किंवा दीर्घकाळ टिकणारा हादरा जाणवल्यास सूचनेची वाट न पाहता, सामान टाकून तत्काळ उंच जागी जावे. याच धोक्यामुळे ला पुश येथील क्विलायूट या मूळनिवासी समाजाला २०१२ च्या कायद्याने उद्यानातील उंचावरील जमीन परत मिळाली आणि त्यांची नवी शाळा २०२२ मध्ये तेथे सुरू झाली.

वायव्य टोकाच्या माका समाजाचे ओझेट हे गाव काही शतकांपूर्वी चिखलाच्या लोंढ्याखाली गाडले गेले. १९७० मधील वादळाने ते उघडे पडल्यावर समाजाच्या सहभागाने १९८१ पर्यंत चाललेल्या उत्खननात ५५ हजारांहून अधिक वस्तू मिळाल्या; त्यांतील निवडक वस्तू १९७९ मध्ये सुरू झालेल्या नीया बे येथील संग्रहालयात पाहता येतात. माका समाजाच्या जमिनीवरून जाणाऱ्या वाटांसाठी त्या समाजाचा स्वतंत्र पास घ्यावा लागतो. किनाऱ्यावरील शिळाचित्रांना हात लावू नये, सापडलेली कोणतीही वस्तू उचलू नये आणि ही भूमी आजही नांदत्या लोकांची आहे, याचे भान ठेवावे.

पहिल्या भ्रमंतीसाठी क्रम

पहिल्या दिवशी फोर्क्स गावात मुक्काम ठेवून हो खोऱ्यातील छोट्या वाटा आणि नदीकाठचा काही भाग चालावा. येथे कपड्यांची आणि पादत्राणांची परीक्षा होते, उणीव सापडली तर गावात परतून ती भरून काढता येते. दुसऱ्या दिवशी ओहोटीची वेळ धरून रिआल्टो पुळणीवरून होल-इन-द-वॉल या नैसर्गिक कमानीपर्यंत जावे; जाऊन-येऊन हे अंतर सुमारे पाच किलोमीटर असून भरतीचे कोष्टक आणि प्रत्यक्ष समुद्र यांचा मेळ घालण्याचा सराव येथे सुरक्षितपणे होतो. तिसऱ्या दिवशी ओझेटपासून केप अलावा, तेथून किनाऱ्याने सँड पॉइंट आणि परत ओझेट अशी सुमारे पंधरा किलोमीटरांची त्रिकोणी फेरी करावी, जिच्यात जंगल आणि किनारा दोन्ही येतात. अनेक भूशिरांचे लांब मुक्कामी मार्ग या तीन दिवसांचा अनुभव गाठीशी आल्यावरच हाती घ्यावेत.

निघण्यापूर्वी मार्ग, परतीची वेळ आणि विलंब झाल्यास कोणाला कळवायचे, हे घरच्यांकडे लिहून ठेवावे आणि प्रत्येक टप्प्यासाठी मागे फिरण्याची वेळ आधीच ठरवावी. सह्याद्रीत पावसात अडकलेला माणूस बहुधा ओल्या अंगानेच पायथ्याचे गाव गाठतो. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पुढची ओहोटी येईपर्यंत थांबावे लागते आणि थांबण्यासाठी कोरडे कपडे, अन्न व आडोसा जवळ असावा लागतो. ज्या गटाकडे एवढी सामग्री आणि थांबण्याची तयारी आहे, त्याला वसंतातला पाऊस अडवत नाही. ज्याच्याकडे ती नाही, त्याने उघडीप असली तरी भूशिराच्या अलीकडूनच परत फिरावे.